तिघांची सुट्टी

फोटो दोन कशाला मागितले, हा पहिला प्रश्न माझ्या मनात आला. प्रशिक्षणाला यायचं म्हणून आधारकार्डाची प्रत मागितली, ते मी समजू शकते. पण शिक्षणाचे दाखले, अनुभव किती वर्षांचा त्याची माहिती, आणि वर पासपोर्ट साइजचे दोन फोटो? एक ओळखपत्रावर लावतील, मग दुसरा कुठे? मी तो मेसेज तीनदा वाचला आणि मोबाइल उलटा करून ठेवला.

काळाचौकीला आमच्या मंडळाचं कार्यालय आहे. तिथे रोज संध्याकाळी पाच ते साडेसात मी अभ्यासिका चालवते. शाळा सुटली की आसपासच्या चाळींतली पंचवीस-तीस मुलं दप्तरं घेऊन येतात, गृहपाठ करतात, पाढे म्हणतात, भांडतात आणि जातात. सतरा वर्षं झाली याला. सुरुवातीला मी एकटीच होते. मग एका संस्थेने गिरणगावातल्या आणि गिरगावातल्या आमच्यासारख्या अभ्यासिका आपल्याकडे जोडून घेतल्या. वह्या, गोष्टीची पुस्तकं, नवीन फळा असं सगळं त्यांच्याकडून यायला लागलं. माझं शिक्षण म्हणाल तर बारावी आणि टायपिंग. डी.एड. वगैरे काही नाही. मुलांना हे माहीत नाही, त्यांच्या आयांना माहीत आहे पण त्यांना त्याचं काही वाटत नाही, आणि संस्थेने इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं. आता विचारत होती.

त्यात आमच्या बाजूच्या दोन चाळी पुनर्विकासाला गेल्या, माणसं भाड्याच्या जागेत कुठे कुठे पांगली, मुलं कमी झाली. काही अभ्यासिका एकत्र करणार आणि शिकलेल्या ताया ठेवणार, अशी कुजबुज मंडळात सुरू झाली होती. तेव्हा माझ्यापुरता विषय सरळ होता. माझा वर्ग माझ्याकडे राहतो की जातो, एवढंच. बाकी प्रशिक्षण वगैरे नुसतं म्हणायला.

मी संशयी आहे, हे आधीच मान्य करून टाकते. दुधाच्या पिशवीवरची तारीख मी दुकानदाराला मोठ्याने वाचायला लावते. नवरा म्हणतो, तुला लग्नात मंगलाष्टकांच्या मध्येसुद्धा शंका आल्या असतील. आल्या होत्याच. पण हा स्वभाव काही आकाशातून पडलेला नाही. आमच्या चाळीत गेली कित्येक वर्षं बिल्डरची माणसं येतायत. प्रत्येक जण चप्पल बाहेर काढून आत येतो, वडीलधाऱ्यांच्या पाया पडतो, ‘तुमच्या भल्यासाठीच आहे’ म्हणतो आणि सहीसाठी कागद पुढे करतो. तेव्हापासून कोणी गोड बोललं की मी पहिल्यांदा त्याच्या हातातल्या कागदाकडे बघते.

प्रशिक्षण दर शनिवारी, लोअर परळला, संस्थेच्या नव्या ऑफिसात. पूर्वी जिथे गिरणी होती तिथे आता काचेची इमारत आहे. खाली गार्डने माझी पिशवी उघडून बघितली आणि छातीवर ‘व्हिजिटर’ असा कागद चिकटवला. वर गेले तर एसी इतका, की पदर डोक्यावरून घ्यावा लागला. खुर्च्या गोलात मांडलेल्या, मध्ये टेबल नाही. टेबल नसलं की हात कुठे ठेवायचे कळत नाही आणि चेहरा लपवायलाही जागा राहत नाही. हे मुद्दामच असणार, असं मला वाटलं.

शिकवणारी मुलगी असेल सत्तावीस-अठ्ठावीसची. खादीचा कुर्ता, नाकात चमकी, बोलणं स्वच्छ पुणेरी वळणाचं. आम्ही तिला मॅडम म्हणत होतो आणि ती आम्हाला ताई. पन्नाशीच्या बायका खुर्च्यांवर बसलेल्या असताना ती मात्र खाली जमिनीवर मांडी घालून बसली.

“इथे चूक किंवा बरोबर असं काही नाहीये, ताई,” ती म्हणाली. “मनात येईल ते मोकळेपणाने बोलायचं.”

जिथे चूक-बरोबर काही नाही म्हणतात, तिथे ते कोणीतरी आधीच ठरवून ठेवलेलं असतं. मी पिशवी मांडीवर घट्ट धरली आणि तोंड मिटलं.

तिने पिवळ्या चिकटचिठ्ठ्या वाटल्या. लहानपणी वर्गात भीती वाटली होती असा एक प्रसंग लिहा, म्हणाली. मी लिहिलं, ‘आठवत नाही.’ सगळ्या चिठ्ठ्या भिंतीवर लावून झाल्या आणि तिने मोबाइल काढून भिंतीचा फोटो घेतला.

“फोटो कशासाठी?” मी विचारलं.

“रिपोर्टसाठी, ताई.”

बघा. आला रिपोर्ट.

माझ्या शेजारी गिरगावची एक ताई बसायची. ती ख्रिश्चन, तिचं घराणं पिढ्यान् पिढ्या तिथलंच. बँकेतून निवृत्त झाल्यावर चर्चच्या हॉलमध्ये मुलांना शिकवत होती. दोन शनिवारांत आमची एकमेकींच्या डब्यात हात घालण्याइतकी ओळख झाली. ती चिठ्ठ्या दोन्ही बाजूंनी भरून लिहायची आणि अजून एक मागायची.

“लिही गो काहीतरी,” ती मला कोपराने ढोसायची. “ती पोरगी काय तुला खाणार हाय काय?”

“तू लिही. तुला चर्चने हॉल दिलाय. तुझं कोण काय काढून घेणार?”

“तुझं तरी कोण काढून घेतंय?”

“ते कळेलच.”

“एक नंबर संशयी बाय हायस तू,” ती म्हणाली आणि माझ्या डब्यातलं शेवटचं सांदण उचललं.

एकदा त्या मॅडमने आम्हाला प्रत्येकीला एकेक कागद दिला. त्यावर कानडीतला चार ओळींचा उतारा होता. उभं राहून मोठ्याने वाचा, म्हणाली. कोणालाच येईना. बायका हसायला लागल्या. माझी पाळी आली, मी उभी राहिले, त्या गोल गोल अक्षरांवर बोट ठेवलं आणि तशीच राहिले. कान गरम झाले. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या, आणि एसीत मला घाम आला.

“मला येत नाही हे दाखवायला एवढा खटाटोप कशाला?” मी म्हटलं. “मी तसंही सांगितलं असतं.”

“हेच, ताई,” ती एकदम पुढे सरकून म्हणाली. “ज्या मुलांना वाचता येत नाही त्यांना रोज हेच वाटतं.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. मी नाही डोलावली. माझा पाणउतारा करून वर त्याचा धडा करतेय, एवढंच मला दिसलं.

चौथ्या शनिवारी तिने जाहीर केलं की आता ती एकेकीच्या वर्गात येऊन तासभर मागे बसेल. बोलणार नाही, मध्ये पडणार नाही, फक्त बघेल आणि लिहील. माझा नंबर बुधवारी होता. त्यानंतर चहाची सुट्टी झाली. तिच्या फॉर्मांचा गठ्ठा खिडकीच्या कट्ट्यावर पडला होता आणि मी चहाचा कप घेऊन नेमकी तिथेच जाऊन उभी राहिले. दुसऱ्याचे कागद वाचू नयेत हे मला कळतं. पण वरून दुसराच कागद काळाचौकीचा होता. त्यात छापील चौकटी होत्या. त्यातली एक अशी: ‘मागे पडणारी मुलं. किती? कुठे बसतात? ताई त्यांना किती वेळ देतात?’ आणि या चौकटीच्या शेजारी पेन्सिलने लिहिलं होतं, ‘नीट पाहणे’. खाली दोन रेघा. मी बाकीचे कागद पटापट उलटून बघितले. गिरगाव, परळ, दादर. पेन्सिल फक्त माझ्या कागदावर होती.

चहा तसाच राहिला. मला जे हवं होतं ते मिळालं होतं. माझ्या वर्गात कच्ची मुलं किती ते मोजणार, बारावी पास बाईच्या हाताखाली मुलं मागे पडतात असं लिहिणार, आणि वर्ग कुणातरी डी.एड.वालीला देणार. मी परत येऊन बसले तेव्हा गिरगावच्या ताईने विचारलं, काय झालं गो, तोंड का उतरलं? मी म्हटलं, एसी सोसत नाही.

माझ्या वर्गात अशी तीनच मुलं होती. हिंदी शाळेतून मराठीत आलेले दोघे भाऊ, आणि पाचवीतली एक मुलगी. तिची आई लालबागच्या मिरची गल्लीत एका दुकानात मसाले भाजायला जाते. मुलीच्या फ्रॉकलाही तो वास असायचा आणि ती बाजूला येऊन बसली की पहिली शिंक मलाच यायची. पाचवीत असून जूनमध्ये तिला स्वतःचं नावच तेवढं वाचता येत होतं. मी या तिघांना रोज अर्धा तास माझ्याजवळ घेऊन बसायचे. ती माझ्या गुडघ्याला गुडघा लावून बसायची, अक्षराखाली बोट ठेवायची आणि अडलं की अख्ख्या वर्गाला ऐकू जाईल असं विचारायची, “ताई, ह्याला काय बोलायचं?” लाज म्हणून नाही. दिवाळीनंतर ती साधे शब्द धडाधड वाचायला लागली होती. जोडाक्षर आलं की मात्र गाडी थांबायची. रोज सगळ्यांच्या आधी येऊन सतरंज्या घालायचं काम तिने आपणहून घेतलं होतं.

मी त्या आठवड्यात जे केलं ते का केलं, हे समजायचं तर आमच्या गल्लीत ‘परीक्षक येणार’ म्हणजे काय असतं ते सांगायला हवं. गणपतीत देखाव्यांची स्पर्धा असते. परीक्षक कोणत्या दिवशी येणार याची खबर कुठून तरी काढलेली असते. नाक्यावर एक जण उभा असतो, गाडी दिसली की तो इशारा करतो. मग दोन मिनिटांत सगळं बदलतं. मोडक्या खुर्च्या, उरलेले बांबू, जेवणाची पातेली पडद्यामागे जातात. कार्यकर्ते धुतलेले टी-शर्ट चढवतात. भाविकांची रांग मुद्दाम थोडी अडवून धरतात, म्हणजे गर्दी जास्त दिसते. ज्यांना धड उभं राहता येत नाही अशांना घरी पाठवतात. मी आठवीपासून लग्न होईपर्यंत आमच्या देखाव्याचं निवेदन केलंय. परीक्षकांसमोर आवाज कुठे चढवायचा, कुठे थांबायचं, हे मला झोपेतही येतं. आमच्याकडे याला कोणी खोटेपणा म्हणत नाही, तयारी म्हणतात. कपाटभर ढाली आम्ही अशाच मिळवल्यात, आणि ते कपाट माझ्या वर्गातच आहे.

तर मी तयारी केली. दोन दिवस मुलांकडून एकच धडा करून घेतला, अपूर्णांकांचा. कागद कोणी दुमडायचा, ‘पाव’ कोणी म्हणायचं, हात कोणी आधी वर करायचा, सगळं ठरवलं. एका मुलाला तर मुद्दाम चुकीचं उत्तर द्यायला ठेवला, म्हणजे खरं वाटेल. पोरं मंडळाचीच. त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही. “ताई, परीक्षक कितीला येणार?” एवढंच विचारलं त्यांनी.

आदल्या दिवशी वर्ग सुटल्यावर मी त्या तिघांना थांबवलं.

“उद्या तुम्हाला सुट्टी.”

दोघे भाऊ तिथल्या तिथे उड्या मारत पळाले. ती उभी राहिली.

“सगळ्यांना सुट्टी?”

“नाही. तुम्हालाच.”

“का?”

का म्हणजे? या ‘का’ची तयारी मी केली नव्हती. ती माझ्या तोंडाकडे बघत होती आणि मला घरी जायची घाई होती.

“तुझा अभ्यास पूर्ण झालाय ना, म्हणून,” मी म्हटलं.

“पूर्ण? सगळा?”

“हो. जा आता.”

तिचं तोंड कसं फुललं ते मी बघितलं. बघितलं आणि कुलूप लावलं. एक दिवसाचा तर प्रश्न आहे, परवा ती विसरेल, असं मी स्वतःला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मॅडम पाच वाजायला दहा मिनिटं असतानाच आली. चप्पल बाहेर काढली, ढालींच्या कपाटाला टेकून मागे सतरंजीवर बसली आणि वही उघडली. धडा सुरू झाला. अगदी ठरल्याप्रमाणे. कागद दुमडले गेले, हात वर झाले, चुकीचं उत्तर वेळेवर आलं आणि मी प्रेमाने ते सुधारलं. माझा आवाज मलाच छान वाटत होता. मॅडम मात्र काही लिहीत नव्हती. ती एकेका मुलाकडे बघत होती. पुढच्या रांगेपासून मागे, मग परत पुढे. कोणाला तरी शोधल्यासारखी. मोज, मी मनात म्हटलं. हवं तेवढं मोज.

तेवढ्यात मुलांच्या माना दाराकडे वळल्या.

ती पाचवीतली मुलगी दारात उभी होती. शाळेचा गणवेश नाही, घरातला फ्रॉक नाही. गणपतीला घालतात तसा जरीचा परकर, केसांना तेल, दोन वेण्या. हातात मिठाईचा खोका.

“अगं, तू आत का नाही येत?” मॅडमने विचारलं. बोलणार नाही असं म्हणाली होती, पण बोलली.

“मला सुट्टी आहे,” ती म्हणाली. “माझा अभ्यास पूर्ण झाला. ताईंनी सांगितलं. आईने पेढे दिलेत.”

“अरे वा! पूर्ण झाला? मग मला काहीतरी वाचून दाखव ना.” आणि मॅडमने शेजारच्या फळीवरचं गोष्टीचं पुस्तक काढून तिच्या हातात दिलं. मॅडमला त्यात काही वाकडं वाटलं नसावं. शाबासकी द्यायची म्हणूनच तिने दिलं, हे मी आज म्हणू शकते. त्या क्षणी मात्र मला वाटलं, सापडले.

तिने खोका काखेत धरला, पुस्तक उघडलं, बोट ठेवलं. “एका... गावात... एक,” इथपर्यंत नीट वाचलं. पुढचा शब्द ‘म्हातारी’ होता. बोट ‘म्हा’खाली थांबलं.

रोज असं झालं की ती मोठ्याने विचारायची. आज तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं नाही. वर्गात कोणी हसलंसुद्धा नाही. दोन दिवस तालीम केलेली पोरं, परीक्षकांसमोर शांत कसं बसायचं त्यांना पक्कं ठाऊक. त्या शांततेत ती कधी त्या अक्षराकडे बघत होती, कधी माझ्याकडे. आमच्यामध्ये दहा पावलांचं अंतर होतं. मी जाऊन तिच्याजवळ बसले असते, ‘म’ला ‘हा’ जोडलाय बघ, एवढं म्हटलं असतं, तर ती पुढे गेली असती. मी गेले नाही. मॅडम बघत होती म्हणून मी खडू हातात धरून फळ्यापाशी उभी राहिले.

तिला कळलं. काय कळलं ते मला तिच्या चेहऱ्यावर अक्षरन् अक्षर वाचता आलं. तिने पुस्तक मिटून फळीवर होतं तिथे परत ठेवलं, खोका दाराजवळच्या स्टुलावर ठेवला आणि गेली.

“ही मुलगी रोज येते?” मॅडमने विचारलं.

“कधी कधी,” मी म्हणाले.

त्यानंतर तिने वही मिटली. वर्ग सुटेपर्यंत ती उघडली नाही.

पुढचे दोन दिवस ती मुलगी आली नाही. दोघे भाऊ आले, सुट्टी संपली म्हणून रडवेले होऊन. सतरंज्या मी घालत होते. रस्त्यात भेटेल म्हणून दोनदा मिरची गल्लीच्या तोंडापर्यंत गेले आणि परत आले. मला लाज वाटत होती, आणि लाज वाटली की मला राग येतो. तो मी सगळा त्या मॅडमवर काढत होते. तिने पुस्तक दिलं नसतं तर? तिने ते फॉर्म तिथे ठेवले नसते तर?

शनिवारी प्रशिक्षण संपल्यावर मॅडम म्हणाली, ताई, जरा थांबाल? मी थांबलेच होते. सतरा वर्षांची हजेरीपत्रकं पिशवीत घालून नेली होती, भांडायला. गिरगावच्या ताईने जाताना माझा दंड दाबला.

मॅडमने माझा फॉर्म पुढे ठेवला. ती चौकट रिकामी होती.

“शाळेतल्या दोन बाईंनी मला सांगितलं होतं,” ती म्हणाली, “ज्या मुलांना आमच्याकडे वाचायला येत नाही ती काळाचौकीच्या ताईंकडे शिकतात. कसं ते बघायचं होतं. म्हणून मी पेन्सिलने लिहून ठेवलं होतं. पुढच्या शनिवारी ते सगळ्यांना तुम्हीच शिकवावं, असं माझ्या मनात होतं. तुमच्या वर्गात मी तासभर त्या मुलांनाच शोधत होते.”

मी लगेच विरघळले असं कोणाला वाटेल. मी नाही विरघळले. मी विचारलं, “मग हे आधी का नाही सांगितलंत?”

“सांगितलं असतं तर तुम्ही तयारी केली असती.”

“म्हणजे तुमचाही माझ्यावर भरवसा नव्हता.”

ती चमकीशी चाळा करत बसली. मग म्हणाली, “हो. नव्हता.”

एवढं एक वाक्य मला तिचं आवडलं. वर्ग काढून घ्यायचं कधी कोणाच्या मनातच नव्हतं, असंही ती म्हणाली. दाखले ऑफिसच्या फायलीसाठी आणि दुसरा फोटो प्रमाणपत्रासाठी. त्यावर माझा अजूनही पूर्ण विश्वास नाही, पण ते राहू दे.

“इथे काय लिहू?” तिने रिकाम्या चौकटीवर पेन ठेवून विचारलं.

“तीन,” मी म्हटलं. “आणि कुठे बसतात, तिथे लिहा, ताईंनी घरी पाठवली होती.”

तिने ते तसंच लिहिलं. मी हजेरीपत्रकांची पिशवी उचलली आणि तिथून थेट मिरची गल्लीत गेले.

दुकानात मिरच्या भाजायचं काम चालू होतं. डोळ्यांतून पाणी यायला दुसरं काही कारण लागलं नाही. तिच्या आईने मला बघून झारा खाली ठेवला आणि पदराने स्टूल पुसलं.

“येवा ताई, बसा हंय. पेढे पोचले मां? अख्ख्या दुकानात वाटले मी. शेठनीपण घेतले. माझ्या चेडवाचा शिक्षण पुरा झाला म्हटलं, माका तर सहीपण येत नाय.”

“ती वर्गात येत नाहीये,” मी म्हटलं.

“आता कशाला येईल? ती बोलली, पूर्ण झालं, आता नाय जावं लागत.”

मुलगी आत पोत्यांमागे बसून मसाल्याच्या पाकिटांवर लेबलं चिकटवत होती. तिने घरी काहीच सांगितलं नव्हतं. एवढे दिवस तिने माझं खोटं स्वतःच्या अंगावर घेतलं होतं, पेढे वाटलेल्या आईसाठी. मला हे पोत्यांकडे बघताना कळलं.

मग मी सांगितलं. तिचा अभ्यास पूर्ण झालेला नाही, मी खोटं बोलले, ऑफिसची बाई बघायला येणार होती म्हणून मी तिला घरी बसवली. तिला खूप येतं, पण सगळं येत नाही. एवढं बोलायला मला किती वेळ लागला कोण जाणे.

तिच्या आईने माझ्याकडे बघितलं, मग आत मुलीकडे. शेजारी काम करणाऱ्या बायका थांबल्या होत्या.

“मग माका पेढे कशाक वाटूक लावल्यात?” ती म्हणाली.

मी हात जोडले. तिने झारा उचलला आणि मिरच्या परतायला लागली, कारण त्या करपत होत्या.

मुलगी पोत्यांमागून उठून आली. बोटांना डिंक. मला वाटलं रडेल, नाहीतर फटकन काहीतरी बोलेल. ती म्हणाली, “ताई, कोणी बघायला येणार असलं की मला सांगा. त्या दिवशी मी आपणहून नाही येणार.” राग नव्हता आवाजात. मला मदत करत होती.

सोमवारी ती आली, सतरंज्या घातल्या, माझ्या गुडघ्याला गुडघा लावून बसली. पुढच्या शनिवारी मी लोअर परळला सगळ्या तायांसमोर उभी राहिले, माझ्या हातात खडू होता, आणि मी मुलाला जवळ घेऊन कसं वाचायला लावते ते दाखवलं. गिरगावच्या ताईने टाळ्या वाजवल्या. प्रमाणपत्र मिळालं, त्यावर दोनपैकी एक फोटो. वर्ग माझ्याकडेच आहे. ज्याच्यासाठी एवढं केलं ते टिकलं.

परवा तिने एक अख्खं पान वाचलं. ‘प्रश्न’, ‘ग्रंथ’, ‘वाऱ्यावर’, कुठेही अडली नाही. मला इतका आनंद झाला की मी तिच्या पाठीवर थाप मारली. “शाबास! खरंच छान वाचलंस.”

तिने पुस्तक मिटलं आणि मागे वळून भिंतीपर्यंत नजर फिरवली. मागे कोणी बसलेलं नव्हतं. मग तिने माझ्याकडे बघितलं.

“आज तर कोणी आलेलं नाही,” ती म्हणाली. “मग कोणासाठी बोललात?”

“तुझ्यासाठी,” मी म्हटलं.

तिने मान डोलावली आणि पुढचं पान उघडलं. विश्वास बसला नव्हता. तो बसला नाही की माणूस कसा दिसतो, हे मला दुसऱ्या कोणी सांगायला नको.